दहावीच्या आठवणी, मर्यादेत

वर्गशिक्षकांनी तुम्हाला व्हरांड्यात गाठून सांगितलं असेल, "निरोप समारंभात विद्यार्थी मनोगत तुझं. जरा गमतीदार आठवणी घे. पण मर्यादेत हं." अभिनंदन. अठ्ठेचाळीस जणांतून तुमची निवड झाली, याचा अर्थ तुमचं अक्षर बरं आहे आणि तुमच्याकडे सांगण्यासारखं काही नाही याबद्दल सर निश्चिंत आहेत. त्यांची ही निश्चिंती टिकवणं हेच आता तुमचं काम.

पहिली अडचण वेळेची. घडून गेलेल्या गोष्टीला आठवण म्हणतात, पण बोर्डाला हे मान्य नाही. पूर्वी परीक्षा मार्चमध्ये असायची, निरोप फेब्रुवारीत. २०२५ साली पहिला पेपर २१ फेब्रुवारीलाच होता. त्याच्या आधी प्रात्यक्षिक आणि त्याच्याही आधी पूर्वपरीक्षा, त्यामुळे समारंभ सरकत सरकत जानेवारीला टेकला. म्हणजे शुक्रवारी "आता हा वर्ग पुन्हा नाही" म्हणून हुंदका द्यायचा आणि शनिवारी सकाळी साडेसातला त्याच वर्गात, त्याच बाकावर, भूमितीच्या जादा तासाला बसायचं. तेव्हा रडताना हात राखून रडा. सगळं पाणी शुक्रवारीच संपवलं तर शनिवारी सर म्हणणारच, "काल फार रडत होतास, आता प्रमेय सांग."

दुसरी अडचण माइकची. गावातला मंडपवाला कर्णा व्यासपीठाच्या दिशेने तोंड करून लावतो, कारण अध्यक्षांना स्वतःचा आवाज ऐकायला आवडतो. कर्ण्यातला आवाज माइकमध्ये, माइकमधला पुन्हा कर्ण्यात, असं चक्र सुरू झालं की शिट्टी वाजते. ती नेमकी "आदरणीय" या शब्दावर वाजते. माइक तोंडापासून चार बोटं दूर धरा आणि कर्ण्याकडे पाठ करू नका. तुमची पाठ जिकडे, माइकचं तोंड तिकडे, एवढं भौतिकशास्त्र पुरे.

आता भाषण. नवीन लिहू नका. मागच्या वर्षीच्या मॉनिटरकडे कागद असतो, तो मिळवा. "पाखरं घरट्यातून उडून चालली" हे वाक्य जसंच्या तसं राहू द्या. साने गुरुजींचं नाव मात्र घेऊ नका. गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरला शिक्षक होते, त्यामुळे खान्देशातल्या कुठल्याही निरोप समारंभात ते प्रमुख पाहुण्यांच्या वाट्याचे असतात. तुम्ही आधीच वापरले तर पाहुण्यांकडे फक्त "मोबाइलचे दुष्परिणाम" उरतात, आणि ते पाऊण तास चालतात.

शिक्षकांच्या वर्णनात फणस येणारच. "बाहेरून काटेरी, आतून गोड" हे गणिताच्या सरांसाठी राखीव आहे. आपल्याकडे खान्देशात फणस होत नाही आणि समोर बसलेल्या निम्म्या पोरांनी तो झाडाला लागलेला पाहिलेला नसतो, म्हणूनच ही उपमा बिनधोक. स्थानिक काही सुचवण्याच्या फंदात पडू नका. केळ बाहेरूनही मऊच, उपमेला निरुपयोगी. भाजलेलं वांगं अगदी अचूक बसतं, बाहेरून काळंठिक्कर आणि आत लोण्यासारखं. पण गणिताच्या सरांना वांगं म्हणून प्रात्यक्षिकाच्या गुणांची वाट पाहणं तुम्हाला झेपणार नाही.

छडीचा उल्लेख हवाच, त्याशिवाय टाळ्या नाहीत. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शाळेत मारायला बंदी घातली. त्यामुळे छडी गेली नाही, पण तिचं नाव गेलं. निंबाची ओली फोक भाषणात "प्रसाद" होते, कान पिळणं "मायेचा स्पर्श" होतो, आणि अंगठे धरून अर्धा तास उभं करणं म्हणजे "शिस्तीचे धडे". शेवटी "त्या छडीमुळेच आम्ही घडलो" असं ठासून म्हणा. निकाल लागायचा असल्यामुळे घडलो की नाही हे कोणी तपासू शकत नाही, निरोप निकालाआधी ठेवण्याचं कारणही तेच असावं.

यानंतरचं काम सर्वांत नाजूक आहे: गंमत मराठीत आणणं. शाळेत जे खरोखर हसू आलं ते अहिराणीत, आपल्या खान्देशी बोलीत आलं, आणि व्यासपीठावर अहिराणी चालत नाही. एक नमुना घ्या. सर विचारतात, वही कुठे आहे? पोरगं म्हणतं, "करेल शे सर, पन वही घर राही गई." म्हणजे अभ्यास केलाय, पण वही घरी राहिली. सरही गावचेच, तासभर शुद्ध बोलून त्यांचाही जबडा आखडलेला असतो. ते म्हणतात, "मंग तू काबर उना भो? वहीले धाडी देवानं व्हतं!" वर्ग बाकावर हात आपटून हसतो. आता हेच मर्यादेत आणा: "सर मिश्कीलपणे म्हणाले, मग तू कशाला आलास? वहीलाच पाठवायचं होतंस." कागदावर नीट उतरलं, व्याकरण बिनचूक, आणि एकही माणूस हसत नाही. हसण्याची जागा कंसात लिहून ठेवली तरी उपयोग नाही. 'भो', म्हणजे भाऊ, गेला की गंमत गेली, मिठाशिवाय ठेच्यासारखी. यावल-रावेरकडे हीच फोडणी लेवा बोलीची असते. शहाद्याच्या वर, धडगावकडे, पोरं घरी पावरी ही आदिवासी बोली बोलतात, म्हणजे तिथे गमतीला दोन ओढे ओलांडून यावं लागतं आणि ती मराठीपर्यंत पोहोचेस्तोवर दमलेली असते. तेव्हा खरी गंमत घेऊच नका. "एकदा सरांच्या खुर्चीवर कोणीतरी खडूची भुकटी टाकली" हे घ्या. ते कुठल्याच शाळेत घडलेलं नाही आणि सगळ्यांना आठवतं.

वर्गातल्या परिश्रमांबद्दल बोलायचं झालं तर विज्ञानाच्या प्रयोगवहीचा विषय मनाला भिडणारा आहे, पण तो टाळा. तरीही जाणकारांसाठी त्यातली कारागिरी नोंदवून ठेवतो. लेखी परीक्षेचे चाळीस-चाळीस गुणांचे दोन भाग आणि प्रात्यक्षिकाचे वीस, असा हिशोब असतो, म्हणून वही पूर्ण हवीच. वर्गात एक मूळ वही असते, बहुधा पहिल्या बाकावरच्या मुलीची. तिच्यावरून तीन वह्या उतरतात, तिघांवरून नऊ, आणि तपासणीच्या आदल्या रात्री ही वंशावळ अठ्ठेचाळीसवर पोहोचते. बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर सगळ्यांचं १०.२ सेंटीमीटर. भिंग प्रयोगशाळेच्या कपाटात, कपाटाची किल्ली सरांकडे, आणि सर निवडणुकीच्या कामाला. काचेच्या लादीच्या प्रयोगात तर कळस होतो. आपतन कोन ३० अंश, अपवर्तन कोन १९.५ अंश. उत्तर अगदी बरोबर आहे, काचेचा अपवर्तनांक १.५ धरला तर तेवढंच येतं. फक्त कंपासपेटीतला कोनमापक अर्धा अंश दाखवत नाही. परीक्षकाला हे कळतं, पण त्यानेही त्याच्या काळी १९.५ च लिहिलेलं असतं, म्हणून तो मुकाट्याने सही करतो. चूक होते ती एकच: घाईत मूळ वहीवरचा हजेरी क्रमांकही उतरतो.

सहलीची आठवण मात्र हमखास चालते. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीची असेल तर भास्कराचार्यांचं नाव घ्या, गणिताचे सर खूश होतात. त्या थोर गणितज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परिसरात जाऊन आलेल्या वर्गाचे सहामाहीत गणिताचे किती गुण होते, हा तपशील अनावश्यक. अजिंठ्याची असेल तर वार तपासा. लेणी सोमवारी बंद असतात, आणि सहल ठरवणारे बहुतेक वेळा रविवारची सुट्टी वाया जाऊ नये म्हणून सोमवारच निवडतात. मग चहा, फर्दापूरच्या फाट्यावर चार तास क्रिकेट आणि परत. भाषणात याला "अविस्मरणीय अजिंठा दर्शन" म्हणायचं. एस.टी.त कोणाला उलटी झाली त्याचं नाव घेऊ नका. ते सगळ्यांना माहीत आहे, त्याच्या आईवडिलांना नाही.

हजेरीवर बोलू नका. गैरहजेरीला आपल्याकडे पंचांगाचा आधार आहे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई देवी बसते, सोमवारी तिचं विसर्जन, त्या दिवशी वर्गात सर आणि चार जण. दिवाळीच्या पुढेमागे कापूस फुटतो, तेव्हा वेचणीला हात कमी पडतात आणि वर्गातली पोटं एकदम दुखू लागतात. दत्तजयंतीला सारंगखेड्याला घोड्यांची यात्रा. यातलं कुठलंच कारण चिठ्ठीत येत नाही, चिठ्ठीत "ताप आला होता" येतं, आणि त्याखालची वडिलांची सही वडिलांपेक्षा सुबक असते.

याच ओघात एक वजाबाकी डोक्यात येईल, ती झटकून टाका. समजा पाचवीच्या हजेरीपटावर साठ नावं होती आणि आता अठ्ठेचाळीस आहेत. बारा कुठे गेले हा प्रश्न मनोगताचा नाही. आठवीपर्यंत नाव कापता येत नव्हतं म्हणून ते पटावर राहिलं, नववीत गळालं. एखादी मुलगी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, लग्नतिथीला सासरी गेली, पुढच्या आखाजीला माहेरी आली, निंबाला बांधलेल्या झोक्यावर बसली, आणि शाळेच्या कुंपणाबाहेरून जाताना कोणी तिला ओळख दिली नाही कारण तिच्या डोक्यावर पदर होता. हे गमतीत बसत नाही. मर्यादेतही नाही. तुम्ही फक्त "आमचा अठ्ठेचाळीस जणांचा परिवार" म्हणा, टाळी तिथे आहे.

भेटवस्तूचं पटकन उरकू. दीडशे रुपये वर्गणी, अठ्ठेचाळीसने गुणा, सात हजार दोनशे. यातून शाळेला भिंतीवरचं घड्याळ द्यायचं आणि त्याच्या काचेवर बॅचचं साल रंगवायचं. साल आकड्यांपेक्षा ठळक हवं. सेल दिवाळीपर्यंत संपतो. नवा सेल कुठल्या खात्यातून घ्यायचा हे ठरलेलं नसल्याने घड्याळ तसंच राहतं, आणि दरवर्षी शेजारी एक नवं येतं. मुख्याध्यापकांच्या खोलीत सात-आठ बॅचांच्या सात-आठ वेळा असतात. घंटा शिपाई स्वतःच्या मोबाइलवर पाहून देतो.

उरलेल्या पैशांचं भरीत-पुरी. यात काटकसर करू नका, कारण वीस वर्षांनी भाषण कोणाला आठवणार नाही, भरीत आठवेल. शिक्षक धरून साठ पानं होतात. माणशी तीनशे ग्रॅम, म्हणजे अठरा किलो वांगी, हिरवट पांढरी, हाताला हलकी लागणारी. जड वांग्यात बी भरलेलं असतं, आणि जानेवारी संपत आला की बी वाढतंच. वांग्याला आधी टोचे मारा, नाहीतर ते आगीत फुटतं आणि आचाऱ्याच्या शर्टावर येतं. भाजायला कपाशीच्या वाळलेल्या काड्याच हव्यात. त्यांची आग झपाट्याने चढते आणि तिचा धूर वांग्यात उतरतो. गॅसवर भाजलेलं भरीत म्हणजे प्रयोगवहीतलं १९.५, दिसायला बरोबर. साल गरम असतानाच काढायची, मग लाकडी मुसळीने ठेचायचं, तेलात मिरची, लसूण, शेंगदाणे, वरून कांद्याची पात. भाषणं लांबली तर पुऱ्या चामड होतात, म्हणून पुऱ्या अध्यक्षीय समारोप सुरू झाल्यावरच लाटायला घ्या. आभार मानणारा उभा राहिला की कढई तापवा.

जेवताना शाळेमागच्या भिंतीशी जा. तिथे आचाऱ्याच्या हाताखाली एक पोरगा काड्या सारत असेल, हात कोपरापर्यंत काळे. सहावीत तो तुमच्या बाकावर होता, बाकाच्या डाव्या कोपऱ्यात करकटकाने कोरलेलं नाव त्याचंच आहे. तो तुम्हाला पाहून म्हणेल, "काय भो, भाशन झायं का?" झालं म्हणून सांगा. तो ताटात वांग्याचा मधला, धुराचा भाग वाढेल, जो पाहुण्यांना वाढलेला नसतो.