मीठ-सोड्याच्या पाण्याने द्राक्षं ‘विषमुक्त’ होत नाहीत

द्राक्षांचा हंगाम आला की जालना-लातूरकडच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरतो: ‘द्राक्षांवरची पांढरी पावडर म्हणजे विष. मीठ-सोड्याच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवा, सगळं औषध निघून जातं. मग पोरांना बिनधास्त द्या.’

आधी पावडरीचं. ते मण्याचं स्वतःचं मेण आहे. कडवंचीसारख्या द्राक्षाच्या गावात जाणता मजूर घड देठाला धरूनच तोडतो, कारण हात लागला की ही झाक पुसली जाते आणि भाव पडतो. मण्यावर अंगठा फिरवून बघा, सगळीकडे सारखाच पातळ थर निघतो. फवाऱ्याचा डाग पडलाच, तर थेंब वाळला तिथे ठिपका दिसतो. बहुतेक औषध मात्र डोळ्यांना दिसतच नाही.

सोड्याची गोष्ट अगदीच खोटी नाही. 2017 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सफरचंदांवर प्रयोग झाला. लिटरमागे 10 ग्रॅम खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने सालीवरची दोन औषधं 12 ते 15 मिनिटांत बरीचशी निघाली. पण त्यातलं थायाबेंडाझोल सुमारे 20 टक्के सालीत मुरलं होतं, ते निघालं नाही. प्रयोग सफरचंदावरचा, औषधं दोनच, आणि मीठ त्यात नव्हतंच. त्यावरून ‘सगळं’ कुठून आलं?

आंतरप्रवाही औषध तर झाडाच्या रसातून मण्यात उतरतं. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ आवरणाऱ्या औषधाच्या अंशांमुळे युरोपात आपली द्राक्षं अडकली, बागायतदारांचं अतोनात नुकसान झालं. धुऊन भागलं असतं तर पॅकहाऊसमध्येच धुतली नसती का?

साबण, भांड्यांचं लिक्विड अजिबात नको, ते फळात मुरतं. वाहत्या पाण्यात चोळून धुवा. नळाला आठ-आठ दिवस पाणी नसेल तर पातेल्यातलं पाणी दोन-तीनदा बदला. वरची धूळ आणि सालीवरचं काही औषध त्याने जातं, म्हणून धुवायचंच.

खरा प्रश्न शेवटची फवारणी आणि तोडणी यांच्यात किती दिवस गेले, हा आहे. प्रत्येक औषधाचे दिवस लेबलवर असतात. ढगाळ हवा, गारपिटीची धास्ती, वर व्यापारी गाडी घेऊन दारात, मग ते पाळले जातातच असं नाही. युरोपला जाणाऱ्या मालाची प्रयोगशाळेत तपासणी होते, आपल्या गाड्यावरच्या मालाला तशी सक्ती नाही. जालन्याच्या बाजारातल्या द्राक्षांचीही तशीच तपासणी करा, ही मागणी फॉरवर्ड करा.