दिएगो कोस्टा ‘गद्दार’? जरा तारखा बघून बोलू

विश्वचषक जवळ आला की फुटबॉलवेड्यांच्या ग्रुपांवर एक मजकूर हमखास फिरतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच असतात. स्ट्रायकर, म्हणजे गोल करणारा आघाडीचा खेळाडू, दिएगो कोस्टा ब्राझीलमध्ये जन्मला, ब्राझीलने त्याला घडवलं, पिवळी जर्सी घालून तो खेळलाही; मग पैशासाठी स्पेनला विकला गेला. फिफाने, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक महासंघाने, त्याच्यासाठी नियम वाकवला. त्याच्या पापाचं फळ म्हणून स्पेन 2014 ला पहिल्याच फेरीत बाहेर पडला. पुढे इंग्लंडच्या चेल्सी क्लबलाही त्याने असाच दगा दिला. शेवटी एक ओळ ठरलेली: आपल्या मातीत असं कोणी करणार नाही.

ब्राझीलच्या चाहत्याला हे लिहावंसं वाटणं मी समजू शकतो. विश्वचषक आला की कोल्हापुरात पेठापेठांतून ब्राझीलचे झेंडे लागतात. पेठ सोडून दुसऱ्या तालमीच्या फुटबॉल संघाकडून खेळायला गेलेल्या पोराबद्दल तिथल्या कट्ट्यावर काय बोललं जातं, ते इथे लिहिण्याजोगं नाही. राग खरा असतो, पण म्हणून मजकुरातलं सगळं खरं होत नाही.

सगळ्यात आधी ते ‘ब्राझीलकडून खेळला आणि मग फिरला’. खेळला, यात वादच नाही. 21 मार्च 2013 ला जिनिव्हात इटलीविरुद्ध आणि चार दिवसांनी लंडनमध्ये स्टॅमफर्ड ब्रिजवर रशियाविरुद्ध. दोन्ही वेळा तो बदली खेळाडू म्हणून उतरला, दोन्ही मिळून अर्धापाऊण तास. आणि दोन्ही सामने मैत्रीपूर्ण. फिफाचा नियम तेव्हा स्पष्ट होता: खेळाडू एका देशाला बांधला जातो तो अधिकृत स्पर्धेतल्या सामन्याने, मैत्रीपूर्ण सामन्याने नाही. वयाच्या 21व्या वर्षापर्यंतच देश बदलता येईल ही जुनी अट फिफाने 2009 मध्येच काढून टाकली होती. तेव्हा कोस्टा अल्बासेतेसारख्या छोट्या क्लबकडे उसनवारीवर खेळत होता. त्याच्यासाठी नियम वाकवायला आधी तो कोण हे तर कोणाला माहीत हवं!

आता गंमत पुढे आहे, आणि ती त्या मजकुरात कधीच येत नाही. 2014 च्या विश्वचषकाचा यजमान ब्राझील होता, म्हणजे त्याला पात्रता फेरी खेळायची नव्हती. मार्चनंतर आणि विश्वचषकाआधी ब्राझीलला मिळालेली अधिकृत स्पर्धा एकच: जून 2013 चा कॉन्फेडरेशन्स चषक, तोही घरच्याच मैदानांवर. त्यात कोस्टाला एक मिनिट जरी उतरवला असता, तरी विषय कायमचा संपला असता. स्पेनने मग कितीही गळ घातली असती तरी उपयोग शून्य.

प्रशिक्षक लुईझ फेलिपे स्कोलारींनी त्याला संघातच घेतलं नाही. स्ट्रायकर म्हणून फ्रेड होता, ‘जो’ नावाचा आणखी एक होता. हा फुटबॉलचा निर्णय म्हणून चूक होता असंही मी म्हणणार नाही, कारण ब्राझीलने तो चषक जिंकला, अंतिम सामन्यात माराकाना मैदानावर स्पेनलाच 3-0 ने लोळवलं आणि त्यातले दोन गोल फ्रेडचे होते. पण मग तक्रार कसली? तो खेळाडू तुम्हाला त्या उन्हाळ्यात नको होता.

जुलै 2013 मध्ये कोस्टाला स्पेनचं नागरिकत्व मिळालं. ऑगस्टपासून त्याने स्पेनच्या अॅटलेटिको माद्रिद क्लबसाठी गोलांचा सपाटा लावला. स्पेनचे प्रशिक्षक व्हिसेंते देल बोस्के यांना तो हवा आहे हे जगजाहीर झालं, आणि मग कुठे ऑक्टोबरमध्ये स्कोलारींना त्याची आठवण आली. वरातीमागून घोडं! 29 ऑक्टोबरला कोस्टाने ब्राझीलच्या फुटबॉल महासंघाला पत्राने कळवलं की मी स्पेनकडून खेळणार. आपल्याला जे काही मिळालं ते स्पेनने दिलं, असं कारण त्याने सांगितलं. स्कोलारी म्हणाले की हा माणूस कोट्यवधींच्या स्वप्नाकडे पाठ फिरवतोय. महासंघाचे वकील तर त्याचं ब्राझीलचं नागरिकत्वच काढून घेण्याची भाषा बोलले. त्यातून निष्पन्न काहीच झालं नाही, पण ‘गद्दार’ हा शिक्का तेव्हापासूनचा आहे. सहा महिने ज्याला विचारलं नाही तो दुसऱ्याने मागितल्याबरोबर आपला झाला. याला प्रेम म्हणायचं की मालकी, ते ज्याचं त्याने ठरवावं.

‘ब्राझीलने घडवलं’ हा मुद्दा त्याहून कच्चा आहे. कोस्टा सर्जिपे राज्यातल्या लागार्तो या गावचा. ईशान्य ब्राझीलमधलं हे छोटं राज्य, तिथून राष्ट्रीय संघापर्यंतची वाट लांबची. (नाव दिएगो ठेवलं ते मॅरेडोनावरून, असं सांगतात. ब्राझीलच्या घरात अर्जेंटिनाचा देव! तेव्हाच कोणीतरी सावध व्हायला हवं होतं.) मोठ्या ब्राझिलियन क्लबच्या अकादमीत तो वाढलाच नाही. साओ पाउलोत एका छोट्या क्लबकडून खेळला आणि 2006 मध्ये, सतरा वर्षांचा असताना, पोर्तुगालच्या ब्रागाने त्याला उचललं. 2007 मध्ये अॅटलेटिको. तिथून सेल्टा, अल्बासेते, मग वायादोलिद, परत अॅटलेटिको, गुडघ्याची मोठी दुखापत, मग रायो व्हायेकानो. पाच-सहा वर्षं स्पेनभर वणवण. खेळाडू म्हणून तो घडला तो या वणवणीत. तोवर ब्राझीलच्या लीगमध्ये तो एक सामनाही खेळला नव्हता.

उलट तिथे तो खेळला ते सगळं मिळवून झाल्यावर. 2021 मध्ये ब्राझीलच्या अॅटलेटिको मिनेइरो क्लबने त्याला करारबद्ध केलं आणि त्याच वर्षी त्या क्लबने ब्राझीलची लीग आणि चषक दोन्ही जिंकले. लीग तर 1971 नंतर पहिल्यांदा. पुढे बोताफोगो, ग्रेमिओ. देशद्रोह्याला देशातलेच क्लब एकामागून एक पगार देत होते.

पैशाचा आरोप खरा तर महासंघाच्या वकिलानेच तेव्हा केला होता, म्हणून तो चिकटला. पण राष्ट्रीय संघ हा खेळाडूच्या मिळकतीचा लहानसा भाग असतो. खरा पैसा क्लब देतो. स्पॅनिश पासपोर्टचा व्यावसायिक फायदा जरूर होता, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. स्पेनच्या लीगमध्ये युरोपियन युनियनबाहेरच्या खेळाडूंना क्लबमागे तीनच जागा. या जागा भरलेल्या होत्या म्हणूनच जानेवारी 2012 मध्ये कोस्टाला रायोकडे धाडलं गेलं होतं. पासपोर्ट मिळाला की ही कटकट संपते. लॅटिन अमेरिकेतल्या माणसाला स्पेनमध्ये दोन वर्षं कायदेशीर वास्तव्यानंतर तो मागता येतो, म्हणून तिथे खेळणारे कित्येक ब्राझिलियन आणि अर्जेंटाइन तो घेतात. पण हा फायदा जुलैमध्येच पदरात पडला होता. त्यासाठी ऑक्टोबरमध्ये स्पेनची निवड करायची गरज नव्हती. पासपोर्ट खिशात ठेवून तो ब्राझीलकडून खेळू शकला असता. बाजारभावाचाच विचार केला असता तर घरच्या विश्वचषकात ब्राझीलचा नऊ नंबर, म्हणजे मुख्य स्ट्रायकर, होण्याहून मोठी जाहिरात कोणती?

‘असं कोणी करत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी एकच नाव पुरे आहे. जोझे अल्ताफिनी 1958 मध्ये पेलेबरोबर ब्राझीलचा विश्वविजेता होता आणि 1962 च्या विश्वचषकात इटलीकडून उतरला. तोही स्ट्रायकरच. 2014 च्याच विश्वचषकात ब्राझीलमध्ये जन्मलेले पेपे पोर्तुगालकडून, थियागो मोत्ता इटलीकडून, एदुआर्दो क्रोएशियाकडून आले होते. स्पेनने 2008 चा युरो जिंकला त्या संघाच्या मधल्या फळीचा कणा मार्कोस सेन्ना हा साओ पाउलोचा. शिव्या मात्र एकट्या कोस्टाच्या वाट्याला आल्या, कारण यजमान ब्राझीलला नेमक्या त्याच जागेवर माणूस कमी पडत होता.

आता ‘पापाचं फळ’. स्पेन 2014 मध्ये नेदरलँड्सकडून 1-5 आणि चिलीकडून 0-2 हरला. नेदरलँड्सविरुद्ध साल्व्हाडोरच्या मैदानावर कोस्टाला चेंडू मिळाला की स्टेडियमभर हुर्यो उठायची. त्या सामन्यातला स्पेनचा एकमेव गोल हा झाबी अलोन्सोच्या पेनल्टीचा, आणि ती पेनल्टी कोस्टाने मिळवलेली. संशयास्पद होती, तेही कबूल. त्याच सामन्यात त्याने नेदरलँड्सच्या मार्टिन्स इंडीच्या तोंडाशी डोकं नेऊन लावलं, पंचांना दिसलं नाही म्हणून वाचला. पण दोन सामन्यांत सात गोल खाल्ले ते बचाव फळीने आणि गोलरक्षक कासियासने, स्ट्रायकरने नव्हेत.

त्यातून तो धड फिटही नव्हता. 17 मे ला बार्सिलोनाच्या कँप नोऊ मैदानावर, लीगच्या शेवटच्या सामन्यात, सोळाव्या मिनिटाला तो मांडीचा मागचा स्नायू धरून बाहेर गेला. अॅटलेटिकोने त्या दिवशी लीग जिंकली. कोस्टाचे त्या मोसमातले लीगमधले गोल 27. आठवड्याने लिस्बनला चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत होती. मधल्या काळात तो बेलग्रेडला एका बाईंकडे जाऊन आला, ज्या घोडीच्या वारेपासून काढलेल्या द्रवाने मालिश करत. आपल्याकडे हाडवैद्याकडे जातात तसंच म्हणा. 24 मे ला अॅटलेटिकोचा प्रशिक्षक दिएगो सिमिओनेने त्याला पहिल्या अकरांत उतरवलं आणि नवव्या मिनिटाला परत बोलावलं. एक बदली वाया गेली, सामना जादा वेळेत गेला, रेआल माद्रिदने 4-1 ने जिंकला. अशा मांडीवर त्याला तीन आठवड्यांत विश्वचषकात खेळवणं हा देल बोस्केंचा जुगार होता. तो फसला. दोन्ही सामन्यांत तासाभराने त्याला बाहेर घ्यावं लागलं.

स्पेनच्या आखूड पासच्या खेळात तो सुरुवातीला बसत नव्हता, हेही खरं. पहिला गोल सातव्या सामन्यात आला, तोही लक्झेम्बर्गविरुद्ध. पण हिशेब पूर्ण मांडायचा तर 24 सामन्यांत 10 गोल, आणि 2018 च्या विश्वचषकात पोर्तुगालविरुद्ध दोन व इराणविरुद्ध एक. आणि फळच मोजायचं असेल तर 8 जुलै 2014 ला बेलो होरिझोंतेमध्ये ब्राझीलने जर्मनीकडून सात खाल्ले. ते कोणाच्या पापाचं?

चेल्सीच्या बाबतीत मात्र तो मजकूर निम्मा बरोबर आहे, म्हणून इथे जरा जपून. 2014 मध्ये तो अॅटलेटिको सोडून चेल्सीकडे गेला यात दगा नव्हता. स्पेनमध्ये करारात सुटकेची रक्कम लिहिलेली असते; ती कोणी मोजली आणि खेळाडू तयार असला तर क्लब अडवू शकत नाही. चेल्सीने 32 दशलक्ष पौंड मोजले. त्या बदल्यात तीन मोसमांत दोन लीग विजेतेपदं, दोन्ही वेळा लीगमध्ये वीस-वीस गोल. चेल्सीच्या चाहत्याने या व्यवहाराबद्दल कुरकुर करणं म्हणजे कृतघ्नपणा.

भांडण लागलं ते 2017 मध्ये. जानेवारीत चीनमधून प्रचंड पगाराची ऑफर आल्याच्या बातम्या होत्या, प्रशिक्षकांशी खटका उडाला, पण तो गेला नाही. ज्याला फक्त पैसा दिसतो तो तेव्हा गेला असता. विजेतेपदानंतर, जूनमध्ये, प्रशिक्षक अंतोनिओ कोंतेने त्याला मोबाइलवर संदेश धाडला की पुढच्या मोसमात माझ्या योजनेत तू नाहीस. वीस गोल करणाऱ्या माणसाला एका मेसेजने घरी पाठवायचं ही तऱ्हा कोंतेला शोभली नाही. पण त्यानंतर कोस्टाने जे केलं तेही व्यावसायिक खेळाडूला शोभणारं नव्हतं. क्लब सरावाला बोलवत असताना तो लागार्तोत बसून राहिला. करार चालू, दंड चालू, मुलाखती चालू. जायचं तर अॅटलेटिकोलाच, हा हट्ट. आणि अॅटलेटिकोवर तर फिफाची बंदी, जानेवारी 2018 पर्यंत नवा खेळाडू नोंदवता येत नव्हता. सप्टेंबरमध्ये व्यवहार झाला, मग कोस्टा सुमारे तीन महिने नुसता सराव करत राहिला. यात चेल्सीचा खेळाच्या दृष्टीने तोटा झाला, पैशाच्या दृष्टीने नाही: विकत घेतलं त्याहून जास्त किमतीला विकलं.

त्याच्या वागण्याची तर मी बाजू घेणारच नाही. लिव्हरपूलच्या एमरे कानवर पाय दिल्याबद्दल तीन सामने, आर्सेनलच्या कोसिएल्नीच्या तोंडावर हात चालवल्याबद्दल तीन सामने, 2019 मध्ये पंचांना आईवरून शिव्या दिल्याबद्दल तब्बल आठ सामने बंदी. जानेवारी 2018 मध्ये अॅटलेटिकोत परत आल्यावर हेताफे क्लबविरुद्ध गोल केला, प्रेक्षकांत जाऊन मिठ्या मारल्या, दुसरं पिवळं कार्ड घेतलं आणि गोल करूनच बाहेर गेला. भांडकुदळ म्हणा, आडदांड म्हणा, सगळं मान्य. पण आडदांडपणाची शिक्षा म्हणून राष्ट्रद्रोहाचं कलम लावता येत नाही.

राहिली ती शेवटची ओळ, आपल्या मातीत असं कोणी करणार नाही. पुणे एफसीकडून खेळणारा अराता इझुमी जपानचा पासपोर्ट सोडून 2013 मध्ये भारताकडून खेळला. आणि नोव्हेंबर 2025 मध्ये बेंगळुरू एफसीच्या रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून भारताचं घेतलं. त्याची आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन घरातली, आजोबा संतोष ट्रॉफीत बॉम्बेकडून खेळलेले. विल्यम्स 2019 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मुख्य संघाकडून दक्षिण कोरियाविरुद्ध एक सामना खेळला होता. मैत्रीपूर्ण होता, म्हणून वाट मोकळी राहिली. कोस्टाचाच नियम. सुनील छेत्रीने त्याच्या हातात भारतीय पासपोर्ट ठेवला, तो फोटो आपण सगळ्यांनी कौतुकाने पुढे पाठवला. ऑस्ट्रेलियात पर्थमधल्या एखाद्या ग्रुपवर तेव्हा काय फिरत असेल?