चित्रं दिसली म्हणून पुस्तक पोरांचं ठरत नाही

"ग्राफिक नॉव्हेल म्हणजे कॉमिकच, फक्त किंमत भारी. चित्रांची पुस्तकं पोरांसाठी असतात, मोठ्यांनी ती वाचणं म्हणजे वाचनाचा आळस. चित्रं कल्पनाशक्ती मारतात. 'प्रौढांसाठी' असं लिहिलं असेल तर आत काय असणार हे सांगायला नको. आणि हे सगळं परदेशी खूळ आहे, आपल्याकडे त्याला मुळंच नाहीत."

वाचनाची आवड असलेल्या लोकांच्या व्हॉट्सॲप गटांवर हे थोड्याफार फरकानं सतत फिरत असतं आणि खाली अंगठ्यांची रांग लागते. बोलणारी माणसं वाचणारी असतात, म्हणूनच मला ते जास्त लागतं. बरीच वर्षं मी ही ग्राफिक नॉव्हेल, म्हणजे चित्रांच्या चौकटींतून पुस्तकभर गोष्ट सांगणारी पुस्तकं, विकत घेतोय आणि लोकांच्या हातात ठेवतोय. एकेक वाक्य घेऊन उत्तर देतो.

आधी 'पोरांसाठी'. एका वाचनालयात मला 'माऊस' हे पुस्तक बालविभागात सापडलं होतं, इसापनीतीच्या शेजारी. मुखपृष्ठावर उंदीर होते, तेवढंच कारण. 'माऊस'मध्ये आर्ट स्पीगलमन आपल्या वडिलांची, व्लादेक यांची हकीकत सांगतो. ते पोलंडमधले ज्यू, ऑशविट्झच्या नाझी छळछावणीतून जिवंत परतलेले. ज्यू उंदीर, जर्मन मांजरं, पोलिश डुकरं अशी चित्रांची योजना आहे. पण हे पुस्तक नुसतं छळछावणीचंही नाही. लेखकाच्या आईनं १९६८ मध्ये आत्महत्या केली. युद्धकाळाबद्दल तिनं लिहिलेल्या वह्या वडिलांनी जाळून टाकल्या, हे मुलाला पहिल्या भागाच्या शेवटी कळतं आणि तो म्हाताऱ्या बापाला 'खुनी' म्हणतो. हे इसापनीतीच्या शेजारी कसं राहील? 'रॉ' या नियतकालिकात १९८० पासून हे काम प्रकरणाप्रकरणानं येत होतं. पुस्तकाचा पहिला भाग १९८६ मध्ये आला, दुसरा १९९१ मध्ये आणि १९९२ मध्ये त्याला पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला. न्यूयॉर्क टाइम्सनं ते खपाच्या यादीत 'कल्पित' या रकान्यात टाकलं, तेव्हा स्पीगलमननं पत्र लिहून हरकत घेतली आणि टाइम्सनं ते 'कल्पितेतर' रकान्यात हलवलं. उंदरांची चित्रं असली तरी आतला माणूस खरा आहे, हे तिथल्या संपादकांना मान्य करावं लागलं.

मग हा समज आला कुठून? याचं उत्तर बरंचसं अमेरिकेत आहे आणि त्याला तारीखही आहे. आपण इंद्रजाल कॉमिक्समधून वाचलेला वेताळ मुळात १९३६ पासून तिकडच्या दैनिकांत येत होता. दैनिक घरातली मोठी माणसं वाचत. दुसऱ्या महायुद्धानंतर गुन्हेगारीच्या आणि भयकथांच्या कॉमिकचा खप वाढला. १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञानं कॉमिकमुळे मुलं बिघडतात असं सांगणारं पुस्तक लिहिलं. त्याच वर्षी सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या. सरकारी कायदा येण्याआधीच घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवर 'कॉमिक्स कोड' लादून घेतला. शीर्षकात 'हॉरर' किंवा 'टेरर' हे शब्द नकोत. न्यायाधीश, पोलीस यांचा अनादर होईल असं काही नको. प्रत्येक कथेत शेवटी सज्जनाचाच जय हवा. कोडचा शिक्का नसलेला अंक वितरक उचलायचे नाहीत. म्हणजे वयात आलेल्या वाचकासाठी लिहायचा रस्ताच बंद झाला. कॉमिक पोरांचं आहे, ही या माध्यमाची प्रकृती नव्हती. ती बाजारानं घातलेली अट होती. वर्थमच्या कागदपत्रांचा अभ्यास करून कॅरल टिली या संशोधिकेनं २०१२ मध्ये दाखवून दिलं, की वर्थमनं मुलांच्या जबान्या आपल्या सोयीनं कापल्या आणि बदलल्या होत्या. तोवर अर्धशतक उलटलं होतं आणि समज जगभर पसरला होता.

'पर्यायी' कॉमिकची चळवळ या अटीच्या बाहेर उभी राहिली. १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत रॉबर्ट क्रम्बचं 'झॅप' आलं. ते नेहमीच्या विक्रेत्यांकडे जाऊच शकत नव्हतं, म्हणून रस्त्यावर आणि आडबाजूच्या दुकानांत विकलं गेलं. १९७६ पासून क्लीव्हलंडमध्ये हार्वी पेकर नावाचा माणूस स्वतःच्या खर्चानं 'अमेरिकन स्प्लेंडर' काढू लागला. तो एका सरकारी इस्पितळात फायली सांभाळायचा. त्याला चित्रं येत नव्हती. तो आपलं रोजचं जगणं लिहायचा आणि वेगवेगळे चित्रकार ते काढायचे. दुकानातली रांग, नोकरीवरचा कंटाळा, घरातली भांडणं हेच त्याचे विषय. नवकथेवर वाढलेल्या मराठी वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. जपानमध्ये तर योशिहिरो तात्सुमीनं १९५७ मध्येच मोठ्यांसाठीच्या चित्रकथेला 'गेकिगा' हे वेगळं नाव दिलं होतं.

दुसरं वाक्य जास्त गंभीर आहे: 'चित्रं कल्पनाशक्ती मारतात.' बोलणाऱ्याच्या मनात बहुधा असं असतं, की कादंबरीतला वाडा मी मनात उभा करतो, इथे तो आयता काढलेला आहे, मग मला काय काम उरलं? काम उरतं ते दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या पट्टीत. एका चौकटीत उगारलेला हात असतो, पुढच्या चौकटीत रिकामी खोली. मध्ये काय झालं ते चित्रकारानं काढलेलंच नसतं. ते वाचक घडवतो, किती वेळात घडलं तेही वाचकच ठरवतो. सिनेमात तो वेळ दिग्दर्शकाच्या हातात असतो, इथे माझ्या बोटात. स्कॉट मॅक्लाउडनं १९९३ मध्ये कॉमिकचं आणि त्यातल्या या पट्टीचं शास्त्र मांडणारं एक अख्खं पुस्तक लिहिलं, तेही कॉमिकच्याच रूपात.

रिचर्ड मॅग्वायरचं 'हिअर' पाहा. १९८९ मध्ये सहा पानांची एक कथा 'रॉ'मध्ये आली, २०१४ मध्ये तिचं मोठं पुस्तक झालं. सगळं पुस्तक एका घरातल्या एका खोलीच्या कोपऱ्यात घडतं. प्रत्येक चौकटीच्या कोपऱ्यात साल लिहिलेलं. मोठ्या चौकटीत छोट्या चौकटी उघडतात आणि त्याच जागेवरची वेगवेगळी सालं एकाच पानावर एकमेकांशेजारी दिसतात. घर बांधलं जाण्याआधीचं रान, घर पडल्यानंतरचं पाणी, मधली माणसं. वाडा पाडून इमारत उठलेली ज्यानं पाहिली आहे, त्याला या पानांवर थांबावं लागतं. हे नुसत्या शब्दांत कसं करायचं, याचा मी पुष्कळ विचार केला. शब्द एकामागून एक येतात. इथे सगळे काळ एकदम समोर असतात आणि त्यांची ओळ वाचक लावतो. कल्पनाशक्तीला याहून जास्त राबवणारं वाचन मला फार कमी भेटलं आहे.

'माऊस'मध्येच एक चौकट आहे. व्लादेक आणि त्याची बायको लपायला जागा शोधत सोस्नोव्हिएत्सला परत निघाले आहेत. समोर रस्ते फुटतात आणि ते रस्ते मिळून स्वस्तिकाचा, नाझींच्या चिन्हाचा आकार होतो. कुठेही वळलं तरी पाय त्याच्यावरच. पहिल्या वाचनात मला तो आकार दिसलाच नव्हता.

जो सॅकोचं काम आणखी वेगळं. तो पत्रकार आहे, बातमीच चित्रांत काढतो. 'फुटनोट्स इन गाझा' (२००९) मध्ये त्यानं १९५६ साली खान युनिस आणि राफा इथे झालेल्या हत्यांचा शोध घेतला. वाचलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी जुळत नाहीत. कोणाला भाऊ तिथे होता असं आठवतं, दुसऱ्याला नव्हता असं. सॅको हे मतभेद लपवत नाही. स्मरणावर किती विसंबायचं हा प्रश्न तो वाचकासमोर उघडा ठेवतो. त्यानं उत्तर प्रदेशातल्या कुशीनगर जिल्ह्यात जाऊन दलितांच्या उपासमारीवरही काम केलं आहे. ती पानं वाचून कोणी 'वाचनाचा आळस' म्हणून दाखवावं.

'प्रौढ म्हणजे अश्लील' याला थोडक्यात उत्तर पुरे. साठ-सत्तरच्या दशकातल्या त्या बंडखोर कॉमिकमध्ये लैंगिकता भरपूर होती, हे खरं. त्यातलं काही, क्रम्बचंसुद्धा, बायकांबद्दल इतकं वाईट आहे की मी ते कोणाला द्यायला जाणार नाही. पण अश्लील कादंबऱ्या निघतात म्हणून कोणी कादंबरी हा प्रकारच बाजूला ठेवत नाही. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात एका शाळा मंडळानं 'माऊस' आठवीच्या अभ्यासक्रमातून काढलं. कारणं दिली काही शिव्या आणि एक नग्न चित्र. ते चित्र बाथटबमध्ये मरून पडलेल्या आईचं आहे.

नावाबद्दलच्या आक्षेपात मात्र तथ्य आहे आणि ते मी मान्य करतो. 'ग्राफिक नॉव्हेल' हे विक्रीसाठी वापरलं गेलेलं नाव आहे. विल आयस्नरनं १९७८ च्या 'अ काँट्रॅक्ट विथ गॉड'च्या वेळी प्रकाशकानं 'कॉमिक' ऐकून फोन ठेवू नये म्हणून ते वापरलं. मार्जान सत्रापीलाही हा शब्द आवडत नाही, इराणमधल्या आपल्या बालपणावरच्या 'पर्सेपोलिस'ला ती सरळ कॉमिकच म्हणते. आपणही चित्रकादंबरी म्हणा किंवा कॉमिक म्हणा, मला दोन्ही चालतं. किंमतीचं म्हणाल तर 'माऊस'ला तेरा वर्षं लागली. तासात वाचून झालं म्हणणाऱ्यानं फक्त संवादाच्या फुग्यांतले शब्द वाचलेले असतात.

राहिलं 'परदेशी खूळ'. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे चित्रकथी रामायण-महाभारतातल्या आख्यानांची चित्रं एकामागून एक समोर धरून गात-सांगत. चित्रांच्या त्या संचाला ते पोथी म्हणतात. देवळात रात्री जमलेला श्रोता सगळ्या वयांचा असे. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. चित्रकथीतून ग्राफिक नॉव्हेल जन्मलं असं मी म्हणणार नाही; एक गायली जाते, दुसरं एकट्यानं वाचायचं असतं. पण चित्रांच्या ओळीतून मोठ्यांना गोष्ट सांगणं आपल्याला नवं नाही, एवढं त्यातून ठरतं. शि. द. फडणीसांची शब्दाविना हास्यचित्रं दिवाळी अंकांत कोण वाचत होतं? घरातली मोठी माणसंच ना?

आणि भारतीय पुस्तकं आहेतच. नर्मदेच्या धरणावरचं ओरिजित सेनचं 'रिव्हर ऑफ स्टोरीज' १९९४ चं. गोव्यात वाढलेल्या अमृता पाटीलचं 'कारी' २००८ चं. पण मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते 'भीमायन'बद्दल. २०११ मध्ये नवयान प्रकाशनानं काढलेलं बाबासाहेबांच्या आयुष्यावरचं पुस्तक. चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांची, दोघं परधान गोंड चित्रकार. त्यांनी आधीच सांगून टाकलं, की आम्ही माणसांना चौकटीत कोंबणार नाही, आमची कला खुली आहे. म्हणून पानांवर सरळ चौकटी नाहीत, गोंडांच्या भिंतींवरची दिग्न्याची नक्षी पान विभागते. साध्या, मायेच्या बोलण्याचे फुगे पक्ष्याच्या आकाराचे. जातीचं विष ओकणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. सातारा, गोरेगावचा प्रवास, महाड: या कथा आपण लहानपणापासून ऐकलेल्या, पण ती नांगी पाहिल्यावर ते शब्द शरीरात कुठे लागले असतील हे पहिल्यांदा कळतं. त्याच वर्षी श्रीविद्या नटराजन आणि अपराजिता निनन यांनी जोतीरावांच्या 'गुलामगिरी'वरचं 'अ गार्डनर इन द वेस्टलँड' काढलं.

दोन्ही आधी इंग्रजीत आली. बाबासाहेब आणि जोतीराव ही आपली माणसं, घटना आपल्या गावांतल्या, आणि चित्रांतली ही पुस्तकं आपल्या भाषेत सुरू झाली नाहीत. चित्रं दिसली की पोरांच्या फळीवर ठेवायची सवय असली, की मराठी प्रकाशक मोठ्यांसाठी असं पुस्तक कशाला काढेल आणि मराठी चित्रकार त्यात पाच-सहा वर्षं कशी घालवेल? 'गुलामगिरी' १८७३ मध्ये मराठीतच लिहिली गेली आणि ती आहेच मुळी जोतीराव आणि धोंडीबा यांचा संवाद. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं सांगायचं. फुगे काढायचे तेवढे बाकी आहेत.