जुनी रोड बाईक क्रॉसला चालत नाही म्हणे? आधी गॅप मोजा

सप्टेंबर आला की इकडे ब्रिटनमध्ये सायक्लोक्रॉसचा, म्हणजे चिखल-गवतातल्या सायकल शर्यतींचा, सीझन सुरू होतो आणि नव्या माणसाला सगळीकडून तोच सल्ला मिळतो, की जुनी रोड बाईक विसर, तिला जाड टायर बसत नाही, रिम ब्रेक (चाकाच्या कडेला धरणारे) चिखलात धरत नाहीत, गिअर जड पडतात, फ्रेम मोडते आणि मुळात रेसला घेतच नाहीत, सरळ डिस्क ब्रेकवाली नवी घे. म्हणजे चिखलात लोळायची हौस आहे की नाही हे कळायच्या आधीच खिसा रिकामा! यात थोडं खरं आहे, पण नेमकं तेच कोणी नीट सांगत नाही.

रेसला घेत नाहीत, हे आधी निकालात काढू. टायर ३३ मिमीपेक्षा रुंद नको हा नियम यूसीआयच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या, रेसचा. लोकल लीगमध्ये बहुतेक ठिकाणी माउंटन बाईकसुद्धा चालते, तुमची जुनी स्टीलची सायकल कोण अडवणार? हँडलबारच्या दोन्ही टोकांना प्लग मात्र हवेत, ते बघतात. यॉर्कशायरच्या डोंगरातल्या थ्री पीक्स या अवघड रेसचे नियम वेगळे आहेत, पण पहिल्याच वर्षी तिकडे जायला सांगितलंय कोणी.

आता ब्रेक. यूसीआयने क्रॉसमध्ये डिस्कला परवानगी दिली २०१० मध्ये. पहिली वर्ल्ड चॅम्पियनशिप १९५० ला पॅरिसमध्ये झाली, ती जिंकली १९४७ ची टूर द फ्रान्स जिंकलेल्या जाँ रोबिकने, आणि तिथून पुढची साठ वर्षं सगळे चॅम्पियन रिम ब्रेकवरच जिंकले. तेव्हा रिम ब्रेक चालत नाहीत हे खोटं. पण पुढच्या काळात क्रॉसवाले वापरायचे ते कँटिलिव्हर, म्हणजे चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे हात असलेले रिम ब्रेक, ज्यात चिखल बाहेर पडायला मोकळी जागा असते, आणि आपल्या रोड बाईकला असतो कॅलिपर, जो टायरच्या डोक्यावरच बसतो आणि गवत-चिखल तिथेच थापला जातो. तर अडचण रिमची नाही, जागेची आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या कोरड्या कोर्सवर कॅलिपर मस्त चालतो, डिसेंबरच्या राड्यात चाक फिरायचं थांबेल, तेव्हा त्या रेस सोडा.

टायरचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आणि इथेच लोक अंदाजाने बोलतात. चेनस्टेमध्ये (पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या दोन नळ्यांमध्ये) चाक जिथे सगळ्यात जवळून जातं तिथली रुंदी मोजा, ३२ मिमीचा टायर आणि दोन्ही बाजूंना पाच-पाच मिमी धरले तर साधारण ४२ मिमी हवेत, आणि पुढच्या फोर्कच्या वरच्या जोडाखाली (क्राउन) अन् ब्रेकखाली वरची जागाही बघा. नव्वदच्या दशकातल्या अॅल्युमिनियमच्या रेसिंग फ्रेममध्ये कित्येकदा २५ च्या वर काही जात नाही, तिथे विषय संपला. पण सत्तर-ऐंशीच्या दशकातली टूरिंगकडे झुकणारी स्टीलची सायकल असेल, २७ इंची चाकांची, तर नशीब काढलंत. २७ इंची रिमचा व्यास ६३० मिमी, आजच्या ७००सी चाकाचा ६२२, त्यामुळे चाकं बदलली की वर ४ मिमी जागा फुकट मिळते. ब्रेक पॅड तेवढेच खाली यायला हवेत, जुने सेंटरपुल (मधून ओढले जाणारे) ब्रेक बरेचदा पोचतात, नाहीतर टेक्ट्रोचा आर५५९ आहे, त्याचा रीच, म्हणजे पॅड खाली पोचायचं अंतर, ५५ ते ७३ मिमी. मागच्या हबची (चाकाच्या मधल्या भागाची) रुंदी पण बघा, जुन्या फ्रेम १२० किंवा १२६ मिमीच्या असतात आणि रिम ब्रेकचं नवीन रोड चाक १३० चं, स्टील असेल तर दुकानवाला नीट फाकवून देतो, अॅल्युमिनियम किंवा कार्बनला हा खेळ करायचा नाही म्हणजे नाही. रिम जुनी असेल तर बिनट्यूबचे (ट्यूबलेस) टायर विसरा, ट्यूब टाका आणि हवा फार कमी करू नका, झाडाच्या मुळावर आपटलात की ट्यूब चिमटून पंक्चर.

गिअर जड, हे खरं आहे पण स्वस्तात सुटतं. पुढे ५२ आणि ४२ दातांच्या चकत्या असतील तर ५२ ची काढून टाका, त्याच्या जागी गार्ड लावा म्हणजे चेन बाहेर उतरणार नाही, मागे २८ दातांपर्यंतचा गिअरचा संच (जुन्या चाकाला फ्रीव्हील, नव्याला कॅसेट). ४२-२८ ने जे चढवत नाही तिथे तसंही सगळे उतरून सायकल खांद्यावर घेऊन पळतात, तोच तर खेळ आहे! खांद्यावर घ्यायचीय म्हणून बाटलीचे स्टँड काढा. पाय अडकवायच्या टो-क्लिप पण काढा, चिखलात पाय अडकतो, बूट खटकन बसणारे माउंटन बाईकवाले एसपीडी पेडल लावा.

फ्रेम मोडते म्हणणाऱ्यांना विचारावंसं वाटतं की कुठली फ्रेम? धडधाकट स्टील गवतावर मोडत नाही. बॉटम ब्रॅकेटजवळ (जिथे पेडलचा कणा बसतो) गंज, ड्रॉपआउटला (जिथे चाक फ्रेममध्ये बसतं) तडा, एवढं नीट बघा. मला जास्त भीती वाटते ती तीस-चाळीस वर्षं जुन्या अॅल्युमिनियमच्या हँडलबारची आणि तो धरणाऱ्या स्टेमची, कारण ते न सांगता तुटतात. ते बदला, तिथे पैसे वाचवू नका.

आणि हे सगळं करताना चाकं, ब्रेक, क्रँक सगळंच विकत घ्यायची वेळ आली तर हात आवरा. सगळे डिस्ककडे पळाल्यामुळे कँटिलिव्हरवाल्या सेकंडहँड क्रॉस बाईक बऱ्याच स्वस्तात मिळतात, जागा, गिअर, ब्रेक सगळं आधीच जमवलेलं. नवी घ्या म्हणणारे असल्या बाईकचं नाव का घेत नाहीत कोण जाणे.