एकच कडा, दोघी जणी

खमकी बाई उभी करायची आणि मग हिरोंच्या लढाईसाठी तिचाच बळी द्यायचा, हे किती दिवस चालणार? मार्व्हलच्या 'इन्फिनिटी वॉर' या सुपरहिरोपटात (२०१८) लढवय्या गमोराला तिला वाढवणारा खलनायक थॅनोसच वॉर्मिर ग्रहावरच्या कड्यावरून फेकतो. का, तर एक जादुई खडा हवा म्हणून! पुढच्याच वर्षी त्याच्या पुढच्या भागात, 'एंडगेम'मध्ये, तोच कडा, तोच खडा आणि जीव जातो नताशाचा, म्हणजे ब्लॅक विडोचा. अरे, दुसरं काही सुचतच नाही का तुम्हाला? त्याच चित्रपटात मरणाऱ्या टोनी स्टार्कला, म्हणजे आयर्न मॅनला, सगळ्यांच्या हजेरीत साग्रसंगीत निरोप. २०१०पासून सोबत असलेल्या नताशासाठी मात्र दोन-चार मिनिटांची हळहळ, की लगेच पुढच्या कामाला! आणि तिच्या एकटीचा चित्रपट कधी? २०२१मध्ये, तिला मारून झाल्यावर. जिवंत होती तेव्हा काय धाड भरली होती?