त्याला कसली परमिशन लागतेय की ओ!

बेळगावात बरीचशी कामं या एका वाक्यानं बिघडतात. हे बोलणारा गृहस्थ कामाच्या पहिल्या दिवशी न बोलावता हजर असतो, उभ्या उभ्या चहा घेतो, गवंड्याला दोन सूचना करतो आणि नोटीस येते त्या दिवशी नेमका गोव्याला गेलेला असतो.

गच्चीवरच्या पत्र्याचंच बघा. आमच्याकडे पाऊस जूनमध्ये येतो आणि गणपतीपर्यंत पाहुण्यासारखा मुक्काम ठोकतो, म्हणजे गच्ची गळणार हे ठरलेलंच. रंग, गिलावा, फरशी, वॉटरप्रूफिंग, कौलं परतणं, आहे त्याच उंचीवर छप्पर नवं करणं ही झाली डागडुजी, आणि तिला सहसा कुणी हटकत नाही. पण गच्चीवर नवे खांब उभे राहिले, अँगल बोल्टनं जखडले आणि वर पत्रा चढला, की कायद्याच्या नजरेत ते बांधकाम. मालक म्हणतो, ‘नुसता पत्रा आहे.’ पत्रा नुसता राहिलेला मी अजून पाहिलेला नाही. पहिल्या वर्षी तो पावसासाठी असतो. दुसऱ्या वर्षी झड आत येते म्हणून तीन फुटी कट्टा, तिसऱ्या वर्षी त्या कट्ट्यावर खिडकी, आणि चौथ्या वर्षी आत इंजिनिअरिंगची चार पोरं भाड्यानं.

बरं, विचारायचं म्हटलं तरी कुणाला? शहापूर, वडगाव, अनगोळ म्हणजे महापालिका. कॅम्पात गेलात की कँटोन्मेंट बोर्ड, आणि तिथं 2006 चा वेगळा कायदा. येळ्ळूरला ग्रामपंचायत. नव्या लेआउटचा नकाशा बुडाकडे, म्हणजे बेळगावच्या नगरविकास प्राधिकरणाकडे. सांबऱ्याच्या बाजूला इमारत उंच न्यायची तर विमानतळवाल्यांची उंचीची एनओसी हवी. म्हणून सिमेंटचा भाव विचारायच्या आधी आपण राहतो कुणाच्या हद्दीत, हे बघावं. कर पावतीवर वर कुणाचं नाव छापलंय ते वाचलं की निम्मं कोडं सुटतं.

उरलेलं निम्मं कोडं उताऱ्यात असतं. शहरात सीटीएस, म्हणजे सिटी सर्व्हे नंबराचा उतारा आणि ई-खाता, म्हणजे मालमत्तेची ऑनलाइन नोंद; खेड्यात तीच नोंद ई-स्वत्तुवर, तिचे फॉर्म 9 आणि 11. जमीन शेतीची असेल तर आधी एनए, बिगरशेती परवानगी, म्हणजे 1964 च्या जमीन महसूल कायद्याचं कलम 95. शिवाय इंजिनिअरनं काढलेला नकाशा आणि चालू वर्षाची कर पावती. अर्ज अडतो तो बहुतेक वेळा नकाशावर नव्हे, नावावर. उताऱ्यावर अजून आजोबा असतात. ते जाऊन तीस वर्षं झाली तरी घर त्यांनी सोडलेलं नसतं. म्हणजे आधी वारसा, मग खाता, मग परवाना. वारसा झाला तरी चौगुले हे आडनाव उताऱ्यात एका स्पेलिंगनं, आधारात दुसऱ्या आणि बँकेत तिसऱ्या. एकाच माणसाचे तीन भाऊबंद तयार होतात आणि चौकटीत सही कुणी करायची हा प्रश्न उभा राहतो. हे अ‍ॅफिडेव्हिट करून आधीच निस्तरावं. स्लॅबच्या सळ्या अंगणात गंजत पडल्यावर नव्हे.

अर्ज कन्नडमधून असतो, म्हणून आपली माणसं दारातच घाबरतात. खरं तर कचेरीत शिरल्यावर भाषेचा वाद बराचसा मिटतो. अर्जाला अर्जी, नकाशाला नक्षे, दाखल्याला दाखले, तक्रारीला तकरारु. कचेरी ती कचेरीच आणि परवानगी तर जशीच्या तशी परवानगी. मराठी माणसाला नवं शिकावं लागतं ते एवढंच: ‘नाळे बन्नी’, उद्या या. एकेकाळी कर्नाटकात लोक भुताला परतवायला दारावर ‘नाळे बा’ लिहीत. भूत रोज वाचून मुकाट्यानं परत जायचं म्हणे. आपण परत जाताना निदान पोच घेऊन जावं. काम ‘सकाल’ या ठरल्या वेळेत सेवा देण्याच्या सरकारी योजनेत बसत असेल तर त्या पोचपावतीवर जीएससी नंबर, म्हणजे अर्जाचा नंबर, आणि मुदत असते. मुदत टळली तर दिवसाला 20 रुपये भरपाई मागता येते, जास्तीत जास्त 500. म्हणजे पंचवीस दिवसांत मीटर थांबतं, त्यापुढचा उशीर फुकट.

झाडाची गोष्ट आणखी नाजूक. झाड आपण लावलं, पाणी आपण घातलं, पण तोडताना वनखात्याला विचारावं लागतं. कर्नाटकाचा 1976 चा वृक्षसंरक्षण कायदा नारळ, सुरू, निलगिरी, सुबाभूळ, सिल्व्हर ओक अशा काहींना सोडतो. इतरांसाठी वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. जात, संख्या, बुंध्याचा घेर, कारण आणि जागेचा उतारा जोडायचा. कारणात ‘पानं पडतात’ असं लिहू नये, झाडाला दुसरा उद्योग नाही. वाळलं आहे, कीड लागली आहे, घरावर झुकलं आहे, असं खरं कारण फोटोसकट द्यावं. फांदी तारेला लागली असेल तर कोयता घेऊन वर न चढता हेस्कॉमला, म्हणजे वीज कंपनीला फोन. चंदनाचं रोप मात्र पक्ष्यांच्या कृपेनं परसात आपोआप येतं. ते आपलंच असतं, पण तोडायला परवानगी लागतेच. आणि सगळ्यात जास्त लोक फसतात ते पुढच्या पायरीला: तोडायचा परवाना खिशात आहे म्हणून लाकूड टेम्पोत घालतात, आणि वाहतुकीचा पास वेगळा असतो हे त्यांना नाक्यावर कळतं.

लग्नातल्या ड्रोनबद्दल थोडक्यात. 250 ग्रॅमपर्यंतचा नॅनो सोडला तर पैसे घेऊन शूटिंग करणाऱ्याकडे रिमोट पायलटचं प्रमाणपत्र हवं. विमानतळाच्या हद्दीपासून 5 किलोमीटरपर्यंत रेड झोन, म्हणजे परवानगीशिवाय उडवायचा नाही. त्यात आपल्या गावात हवाई दल आणि मराठा लाइट इन्फंट्री, दोघंही. नवरा-नवरीला पळत येताना टिपायच्या नादात भलतंच काही टिपू नये.

राहिली बोअरवेल. सुप्रीम कोर्टाच्या 2010 च्या सूचनांप्रमाणे खोदाईच्या पंधरा दिवस आधी लेखी कळवायचं. भूजल कायद्याखाली अधिसूचित भाग असेल तर परवानगीही. रिगची, म्हणजे खोदायच्या मशीनची नोंदणी झालेली आहे ना ते बघायचं, खोदताना कुंपण आणि मालकाच्या नावाचा फलक लावायचा. केसिंग पाइपभोवती अर्धा मीटर बाय अर्धा मीटर सिमेंटचा ओटा घालायचा, 30 सेंटिमीटर जमिनीवर आणि तेवढाच खाली. पाणी लागलं नाही तर भोक तळापासून वरपर्यंत भरायचं. वर गोणपाट टाकून दगड ठेवणं म्हणजे भरणं नव्हे.

पण रिग काही आपल्या सोयीनं येत नाही. आधीचं गिऱ्हाईक उरकून ती रात्री दीडला गल्लीत शिरते. दहा ते सहा आवाज करायचा नसतो, वस्तीत रात्रीची मर्यादा 45 डेसिबल. कॉम्प्रेसरला हे कुणी सांगितलेलं नसतं. खिडक्या उघडतात, दिवे लागतात, धुळीनं सगळी गल्ली पांढरी होते, आणि पहिल्या मजल्यावरून बनियनवर तोच गृहस्थ ओरडतो, ‘परमिशन काढलाय काय ओ?’