फॉरमॅट मारा म्हणणाऱ्यांनो, जरा दम खावा की!

एकाच कॉम्प्युटरवर एकच साइट उघडत नाही. त्याच वायफायवर घरातल्या मोबाइलवर ती धडाधड उघडते. तरी कोल्हापुरात राजारामपुरीपासून शाहूपुरीपर्यंत सल्ला एकच: "राउटर बंद करून चालू करा, नाहीतर फॉरमॅट मारा." अरे मर्दा, मोबाइलवर चालतंय म्हणजे लाइन धडधाकट आहे की! दुखणं त्या कॉम्प्युटरच्या डब्यात आहे.

आधी कोपऱ्यातली तारीख बघा. ती मागच्या सालातली असेल तर साइटचं सर्टिफिकेट, म्हणजे तिचं ओळखपत्र, ब्राउझरला खोटं वाटतं. मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा सीआर२०३२ सेल संपला की जुन्या मशिनात हे होतंच. पण मग एक नाही, बऱ्याच साइट अडतात.

एकच अडत असेल तर ब्राउझरच्या इनकॉग्निटोत, म्हणजे खासगी खिडकीत उघडा. तिथं उघडली? मग कुकीज, म्हणजे साइटनं ब्राउझरात ठेवलेल्या नोंदी, पुसा, जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन बंद करा. नाही उघडली, तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये टाइप करा: आयपीकॉन्फिग, स्पेस, स्लॅश, फ्लशडीएनएस (ipconfig /flushdns). साइटचा जुना पत्ता चिकटून बसलेला असतो, तो यानं पुसला जातो. तरीही नाहीच, तर विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या फोल्डरात होस्ट्स फाइल (साइटचे पत्ते हातानं लिहायची यादी) बघा. १२७.०.०.१ (म्हणजे आपल्याच कॉम्प्युटरचा पत्ता) आणि त्यापुढं त्याच साइटचं नाव, अशी ओळ सापडली की कळलं. फुकटातल्या क्रॅक सॉफ्टवेअरचे हे उद्योग! ओळ खोडा, पण नोटपॅड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, नाहीतर सेव्हच होणार नाही.

एवढं कोण करतंय? फॉरमॅटवाल्यानं खिशातनं विंडोजचा पेनड्राइव्ह काढला, सी ड्राइव्ह पुसला, डेस्कटॉपवरचे लग्नाचे फोटो गेले. वर हेच विचारणार, "बॅकअप घेतला नव्हता व्हय?"